उगारलेला हात आणि उघडा हात

दिघ्याच्या गल्ल्यांतून सकाळीं एक देखावा नित्य दिसतो. शाळेस निघालेला एखादा मुलगा बुटाची नाडी बांधण्याकरितां खालीं वाकतो, आणि समोर बसलेलें कुत्रें शेपूट पायांत घालून पळत सुटतें. मुलाच्या हातांत दगड नसतो, मनांतहि नसतो. परंतु खालीं गेलेल्या हाताचा अर्थ त्या मुक्या जीवास पक्का ठाऊक असतो. हा धडा त्यास कोणीं दिला? आपणच.

विद्यार्थिमित्रांनो, कुत्र्यास हाताच्या खुणा शिकविणें म्हणजे सर्कशींतला खेळ, असा पुष्कळांचा समज आहे. माझ्या मतें तो चुकीचा आहे. कुत्रें मनुष्याचा हात सदैव वाचीतच असतें. त्या हातानें आपण काय सांगतों, एवढाच प्रश्न आहे.

कोलकात्याच्या आयसर या विज्ञानसंस्थेंतील संशोधकांनीं २०२० सालीं एक प्रयोग प्रसिद्ध केला. कोणींहि न शिकविलेल्या, रस्त्यावरील १६० कुत्र्यांपुढें दोन झांकलेलीं भांडीं ठेवून त्यांनीं एकाकडे बोट दाखविलें. सुमारें निम्मीं कुत्रीं पुढें आलींच नाहींत. परंतु जीं आलीं, त्यांपैकीं शेंकडा सुमारें ८० कुत्रीं दाखविलेल्या भांड्याकडेच गेलीं. न आलेलीं मंदबुद्धि होतीं असें नव्हे. त्यांतील पुष्कळ भ्यालेलीं होतीं.

शिकविण्याची रीत सोपी आहे. खाऊचा तुकडा चिमटींत धरून हात कुत्र्याच्या नाकापासून हळूंच वर न्यावा. मान वर करितांना तें आपोआप खालीं बसतें. बसतांक्षणींच तुकडा द्यावा. कांहीं दिवसांनीं चिमूट रिकामी ठेवून तुकडा दुसऱ्या हातानें द्यावा. पुढें नुसती हाताची खूण पुरते. पाठ दोन-चार मिनिटांचाच असावा, आणि घरांतील सर्वांनीं एकच खूण करावी. चुकल्यास मारूं नये. ज्या हातानें मारिलें, त्याची खूण पाहण्यास कुत्रें जवळ येत नाहीं. म्हातारपणीं बहिऱ्या झालेल्या कुत्र्यास तर हीच भाषा उरते.

पालक म्हणतील, "रस्त्यावरचीं कुत्रीं चावतात, त्याचें काय?" हें भय खोटें नाहीं. अनोळखी कुत्र्यास शिकवावयास मुलांनीं मुळींच जाऊं नये. झोंपलेल्या, खात असलेल्या किंवा पिलांजवळच्या कुत्र्यापासून दूर राहावें. चावल्यास जखम साबणानें व वाहत्या पाण्यानें १५ मिनिटें धुवावी आणि त्याच दिवशीं रुग्णालयांत जाऊन लस घ्यावी. परंतु दगडानें हें संकट टळत नाहीं. भ्यालेलें कुत्रेंच चावण्याचा संभव अधिक.

१९९३ सालीं मुंबईंत बाँबस्फोट झाले, त्या वेळीं पोलिसांच्या झंजीर नांवाच्या कुत्र्यानें ३,००० किलोंहून अधिक स्फोटकें हुडकून काढिलीं. कुत्रा वासानें माग काढितो, आणि सोबतचा शिपाई त्याच्या चालण्या-थांबण्यावरून स्फोटकांची जागा ओळखितो. तेथें मनुष्यच कुत्र्याची खूण वाचीत असतो! असें काम परस्परांच्या विश्वासावांचून होत नाहीं.

आपल्यापुढें एवढें मोठें कार्य नाहीं. दिघ्यांतील प्रत्येक मुलानें एक वर्षभर कुत्र्यावर दगड उचलूं नये, एवढेंच मागणें आहे. मग एखाद्या सकाळीं तुम्ही नाडी बांधण्यास वाकाल, आणि समोरचें कुत्रें जागचें हलणार नाहीं. त्या दिवशीं शिक्षण पुरें झालें असें समजावें. त्याचेंहि आणि आपलेंहि.