आल्फ्रेड बटलरला मर्द कोणाला दाखवायचे होते?

बस्टर कीटनचा 'बॅटलिंग बटलर' हा १९२६ सालचा मूकपट. त्यानंतर लगेच आलेल्या 'द जनरल'च्या सावलीत तो असा गेला की कीटनचे चाहतेही आज त्याला दुय्यम समजतात. आपल्या काळात मात्र तो चांगलाच चालला होता. त्याच्यावर लिहिणारे बहुधा एकच सांगतात: लाडावलेला श्रीमंत पोरगा शेवटी ठोसे मारून मर्द होतो. मला हे वाचन पटत नाही.

आल्फ्रेडच्या सिगारेटची राखसुद्धा नोकर झाडतो. पोराला जरा 'माणूस' करावे म्हणून बाप त्याला डोंगरात शिकारीला धाडतो, तर हा तंबूत पलंग आणि बाथटब घेऊन जातो. तिथे एक पहाडी मुलगी त्याला आवडते. तिचे बाप आणि भाऊ ताडमाड. असला मेंगळट जावई त्यांना नको. तेव्हा नोकर थाप मारतो की आमचे साहेब म्हणजेच तो नामांकित मुष्टियोद्धा आल्फ्रेड बटलर! नाव तर खरेच एक आहे. एका दमात सासुरवाडी खूश. पुढे थाप अंगावर येते आणि खऱ्या पहिलवानाच्या डिवचण्यामुळे या बिचाऱ्याला 'अलाबामा मर्डरर' नावाच्या माणसाशी लढायची तयारी करावी लागते.

आता बघा, मर्दानगी मागतो कोण? आधी बाप, मग सासरा आणि मेहुणा. मुलीने ती कधी मागितलेलीच नाही. मुलगा रडला की 'बायकांसारखा काय रडतोस' असे म्हणणाऱ्या आपल्या घरांतही ही मागणी करणारे बहुतेक पुरुषच असतात, नाही का?

ज्या संगीतिकेवरून हा चित्रपट बेतला, तिच्यात नायकाला शेवटी लढावे लागत नाही. कीटनने लढाई घातली, कारण एवढे ताटकळवून प्रेक्षकांना लढत न दाखवणे त्याला बरोबर वाटेना. पण ती रिंगमध्ये नाही, कपडे बदलण्याच्या खोलीत होते. गर्दी नाही, पंच नाही. खरा पहिलवान त्याला बडवतो, बडवतच राहतो. बायको बघते आहे हे दिसल्यावर आल्फ्रेड उलटतो. इथे कीटनने हसू जवळपास बंदच केले आहे. आल्फ्रेडच्या चेहऱ्यावर विजय दिसत नाही, कोंडलेल्या जनावराचा संताप दिसतो. विनोदी चित्रपटात हे बसत नाही अशी तक्रार असते. मला वाटते, तेच त्याचे मोल. मार्टिन स्कोर्सेसीने 'रेजिंग बुल' (१९८०) करताना कीटनच्या मुष्टियुद्धाकडे आदराने पाहिले, ते उगीच नव्हे.

नंतर आल्फ्रेड बायकोला कबूल करतो की मी मुष्टियोद्धा नाहीच. ती म्हणते, बरेच झाले! या दोन शब्दांकडे समीक्षक फारसे थांबत नाहीत.

माझी तक्रार वेगळीकडे आहे. त्या वर्षी अमेरिकेत जॅक डेम्प्सी हा हेवीवेट विजेता होता. सप्टेंबरात जीन टनीने त्याला हरवले. हॅरी विल्स हा काळा मुष्टियोद्धा कित्येक वर्षे डेम्प्सीशी लढायची संधी मागत होता. ती त्याला कधीच मिळाली नाही. मुहम्मद अलीच्या गोष्टी सांगत मोठे झालेल्या आपल्यासारख्यांना हे आधी आठवते. कीटनच्या रिंगमध्ये मात्र हा प्रश्नच नाही. इथे श्रीमंत-गरीब आहे, वर्ण नाही. पैशाची आणि पौरुषाची थट्टा करणारा चित्रपट त्या रिंगच्या दारावर कोणाला अडवले जाते, हे पाहत नाही.

आणि तो नोकर? थाप त्याची, धावपळ त्याची, साहेबाची इभ्रत वाचवण्याची काळजीही त्याचीच. स्निट्झ एडवर्ड्सने हे काम झकास केले आहे. शेवटी मात्र आल्फ्रेड रेशमी टोपी आणि छडी घेऊन, मुष्टियुद्धाच्या तोकड्या चड्डीतच, बायकोबरोबर शहराच्या रस्त्यावरून ऐटीत चालत जातो.