गिरणी कामगाराने राहावयाचे कोठे?

मुंबईच्या गिरणी कामगारांपुढे आज एक निर्णय वाढून ठेवण्यात आला आहे. १५ मार्च २०२४ च्या शासन निर्णयाने शेलू आणि वांगणी येथे कामगारांसाठी सुमारे ८१ हजार घरे बांधण्याचे ठरले. ही ठिकाणे बदलापूरच्या पलीकडे, छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून ऐंशी किलोमीटरच्या आसपास आहेत. लालबाग, परळ, वरळी, शिवडी या भागांत ज्यांच्या दोन-तीन पिढ्या गिरणीच्या भोंग्यावर उठल्या, त्यांनी आता तेथे जाऊन वसावे की नाही? वरकरणी हा ज्या-त्या कुटुंबाचा खासगी प्रश्न वाटतो. वस्तुतः त्यात सार्वजनिक न्यायाचा मोठा अंश आहे.

माणूस गाव सोडून शहरात का जातो, याचे उत्तर हॅरिस आणि टोडारो या अर्थशास्त्रज्ञांनी १९७० मध्ये मांडले. शहरात मिळणारे वेतन आणि ते काम मिळण्याची शक्यता यांचा मेळ घालून स्थलांतर करणारा निर्णय घेतो, असे त्यांचे प्रतिपादन होते. गिरणगाव वसले ते काहीसे याच हिशेबाने. १८५४ मध्ये मुंबईत कापडगिरणीचा पाया घातला गेला आणि पुढे रत्नागिरी, सातारा, कोल्हापूर या भागांतून माणसे येत राहिली. कोरडवाहू जमीन आणि सावकाराचे कर्ज त्यांना मागून ढकलत होते हे खरे. पण पुढे काम होते, गावकीची खोली होती, खाणावळ होती. शिवाय बेत फसला तर परतावयास गाव होते. गरिबीतही त्या निर्णयाला दोन दारे होती.

आजच्या स्थलांतरात हा हिशेब उलटा झाला आहे. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. त्या वेळी पंचविशीत असलेला कामगार आज सत्तरीच्या घरात आहे. त्याला नव्या जागी वेतन मिळणार नाही. खर्च मात्र निश्चित वाढणार. त्याचे औषधपाणी परळच्या के. ई. एम. रुग्णालयात, मुलाचे काम दादर-अंधेरीकडे, सुनेची घरकामे शेजारच्या इमारतींत. कर्जत मार्गावर बदलापूरच्या पुढे गाड्या कमी होत जातात. मुंबईला जाण्या-येण्यात रोजचे चार तास जाणार असतील, तर त्या वेळेचे मोल घराच्या किमतीत धरावयास हवे. जुलै २०१९ मध्ये उल्हास नदीच्या पुरात महालक्ष्मी एक्स्प्रेस वांगणीजवळच अडकली आणि सुमारे हजार प्रवाशांना बाहेर काढावे लागले, हेही विसरता येणार नाही. शिवाय हे घर फुकट नाही. त्यासाठी कामगाराला लाखो रुपये भरावयाचे आहेत.

यावर सांगितले जाते की, मुंबईत जमीनच नाही. दीड लाखांवर अर्जदारांना शहरात घरे द्यावयाची तरी कोठून? प्रश्न रास्त आहे, पण जमीन का नाही हेही विचारले पाहिजे. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीने गिरण्यांच्या जमिनीचे तीन वाटे केले होते : एक मोकळ्या जागांसाठी महापालिकेला, एक घरांसाठी म्हाडाला, एक मालकाला. २००१ मध्ये हा नियम बदलला आणि बांधकाम नसलेल्या मोकळ्या जमिनीचेच वाटे करावयाचे असे ठरले. गिरण्यांच्या आवारात शेडच अधिक असल्याने सार्वजनिक वाटा आक्रसला. २००५ मध्ये उच्च न्यायालयाने या बदलाला वेसण घातली. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो वैध ठरविला. कायद्याचा निकाल लागला, पण नैतिक प्रश्न उरला. आजची टंचाई काही निसर्गाने निर्माण केलेली नाही. ती धोरणाने घडविलेली आहे. त्या टंचाईची किंमत ज्यांच्या श्रमावर ही जमीन मोलाची झाली, त्यांच्याकडूनच वसूल करणे हा कोणता न्याय?

तरीही चाळीचे उदात्तीकरण करण्याचे कारण नाही. दहा बाय बाराच्या खोलीत आठ माणसे आणि मजल्यावर सामाईक संडास, हे काही समाजवादाचे स्वप्न नव्हे. अनेक कामगार संपानंतर गावी परतले. कोणी आधीच डोंबिवली-बदलापूरकडे सरकले. अशांपैकी एखाद्या कुटुंबाला शेलूचे घर सोयीचे वाटले, तर त्याला कोणी ‘लढ्यातून फुटलेले’ म्हणू नये. जाण्याचा निर्णय त्यांचा. पण न जाण्याचा निर्णयही तितकाच त्यांचा असला पाहिजे.

नेमके येथेच शासनाचे पाऊल वाकडे पडले. देऊ केलेले घर नाकारल्यास हक्क संपेल, अशी अट या निर्णयात घालण्यात आली होती. जुलै २०२५ मध्ये कामगार आणि त्यांचे वारस आझाद मैदानावर उतरले, तेव्हा कोठे ती काढून टाकण्याची घोषणा झाली. नकाराला शिक्षा असेल, तर होकाराला संमती म्हणता येत नाही. कामगार स्वखुशीने गेला, अशी नोंद मात्र कागदोपत्री राहते आणि धोरणाची जबाबदारी अलगद त्याच्या खांद्यावर येते.

पनवेलजवळील कोन येथील अनुभव ताजा आहे. तेथील घरांची सोडत २०१६ मध्ये निघाली, पण ताबा मिळण्यास वर्षानुवर्षे लागली. दूर जावयास तयार झालेल्यांनाही वेळेवर घर मिळाले नाही. म्हणून शेलू-वांगणीचा प्रश्न कामगाराला विचारण्यापूर्वी शासनाने स्वतःला काही प्रश्न विचारावेत. रुग्णालय, शाळा आणि पाणी घरांच्या आधी येणार की नंतर? गाड्या किती वाढणार? देखभालीचा मासिक खर्च कोण सोसणार? आणि मुंबईत गिरण्यांच्या जमिनीपैकी सार्वजनिक वाट्याची जी जमीन अद्याप हाती आलेली नाही, तिचा गिरणीवार हिशेब केव्हा जाहीर होणार?

ही उत्तरे समोर आल्यावर काही कुटुंबे जातील, काही राहतील. दोन्ही निर्णय सन्मानाचे असतील. तोपर्यंत ‘तुम्हीच ठरवा’ असे सांगणे म्हणजे सत्तरीतल्या कामगाराच्या थकव्यावर भिस्त ठेवण्यासारखे आहे.