चारनंतरचं गाव

डिसेंबर उजाडला की लंडनमध्ये ऑनसाइट आलेल्या आपल्या मंडळींच्या ग्रुपवर एकच चर्चा सुरू होते, ‘‘नाताळात कुठे?’’ कुणी स्कॉटलंड म्हणतं, कुणी थेट पॅरिस. मग कुणाचा व्हिसा आड येतो, कुणाचं बजेट. शेवटी गाडी येऊन थांबते ती तीन दिवस, एक सॅक आणि ट्रेनने जाता येईल असं इंग्लंडमधलंच एखादं छोटं शहर, इथे. आयडिया झकास आहे. गोची एवढीच, की शहर ठरवताना आपण नेटवरचे फोटो बघतो आणि ते फोटो हमखास जुलैमधले असतात!

हिवाळ्याचं गणित वेगळं आहे, बॉस. २१ डिसेंबरला लंडनमध्ये सूर्य आठच्या पुढे उगवतो आणि चारच्या आत मावळतो. उत्तरेला यॉर्कपर्यंत गेलात तर दिवस साडेसात तासांचाही भरत नाही. हॉटेलचा ब्रेकफास्ट निवांत हाणून बाहेर पडेपर्यंत दहा वाजणार, आणि दुपारचं जेवण होतंय न होतंय तोच दिवेलागण. परदेशातला पहिलाच हिवाळा असेल, तर ही अवेळी येणारी संध्याकाळ अक्षरशः अंगावर येते. घरी फोन करावा, तर तिकडे रात्रीचे साडेनऊ वाजलेले. आई जांभई देत ‘‘जेवलास का?’’ एवढंच विचारणार. म्हणून माझा साधा फंडा आहे : चार ते दहा हे सहा तास जिथे बरे जातील, ते आपलं गाव. बाकीचे दोन निकषही सोपे. स्टेशनातून गावात चालत जाता यायला हवं आणि गाडी शक्यतो न बदलता पोचायला हवं. कडाक्याच्या थंडीत, उघड्या प्लॅटफॉर्मवर पुढच्या गाडीची वाट बघणं हा काही सुट्टीचा भाग नव्हे.

आता या चाळणीतून तीन नावं काढू.

पहिलं केम्ब्रिज. किंग्ज क्रॉसहून फास्ट गाडी तासाभराच्या आत पोचवते. मराठी माणसाला इथे उगीचच आपलं वाटतं, आणि त्याला कारणही आहे. दापोलीजवळच्या मुर्डीचे रघुनाथ परांजपे १८९९ मध्ये इथे सीनियर रँग्लर झाले आणि ‘रँग्लर’ हा शब्द कायमचा मराठीत आला. जयंत नारळीकरांनीही इथेच रँग्लर होऊन फ्रेड हॉइल यांच्याकडे संशोधन केलं. पण स्टेशनपासून कॉलेजं चांगली वीस-पंचवीस मिनिटांवर, आणि पाहायचं ते एका दिवसात उरकतं. सकाळी जा, रात्री घरी या. तीन दिवसांची रजा इथे घालवू नका.

दुसरं बाथ. पॅडिंग्टनहून साधारण दीड तास, आणि स्टेशनातून रोमन स्नानगृहं दहा मिनिटांच्या आत. तिथे जमिनीतून रोज अकरा लाख लिटरहून जास्त पाणी वर येतं, तेही ४६ अंश तापमानाचं. वज्रेश्वरीच्या कुंडांची आठवण येणार, हे नक्की. रोमन कुंडात उतरता येत नाही, ते फक्त बघायचं. मात्र जवळच २००६ मध्ये सुरू झालेल्या थर्मे स्पामध्ये गच्चीवर उघडा तलाव आहे. वर काळोख, बोचरी थंडी आणि गळ्यापर्यंत कोमट पाणी. चारनंतरची परीक्षा बाथ फर्स्ट क्लासमध्ये पास! फक्त खिसा बघा. नोव्हेंबरच्या शेवटापासून डिसेंबरच्या मध्यापर्यंत नाताळबाजार भरतो, तेव्हा हॉटेलांचे भाव आणि गर्दी दोन्ही चढलेली असतात. जोडीने जाणार असाल, तर मात्र बाथच.

तिसरं, आणि एकट्यादुकट्यासाठी माझं पहिलं, यॉर्क. किंग्ज क्रॉसहून थेट, सुमारे दोन तासांत. स्टेशनबाहेर पडलात की समोर जुनी तटबंदी. तिच्यावरून चालताना अख्खं गाव पायाखाली. (बर्फ पडलं असेल तर तट बंद ठेवतात, तेवढं विचारून घ्या.) स्टेशनशेजारी नॅशनल रेल्वे म्युझियम, चक्क फुकट. १९३८ मध्ये ताशी २०३ किलोमीटर वेगाने धावून वाफेच्या इंजिनांचा विक्रम करणारं मॅलर्ड तिथे आहे. पाऊस लागला तर इथे अर्धा दिवस सहज जातो. संध्याकाळी शॅम्बल्सची चिंचोळी गल्ली, एकमेकांकडे झुकलेली लाकडी घरं. किटकॅटही मूळचं याच गावचं, १९३५ मध्ये राउंट्रीच्या कारखान्यातलं. आणि सगळ्यात भारी गोष्ट म्हणजे मिन्स्टरमधली सायंप्रार्थना. दिवसा कॅथीड्रल बघायला तिकीट लागतं, प्रार्थनेला लागत नाही. धर्म कुणी विचारत नाही. मागे बसा आणि त्या उंच दगडी छताखाली गायकवृंद ऐका. एकटं असल्याची बोच बरीच कमी होते. नाताळ झाल्यावर गायकवृंद काही दिवस रजेवर असतो, म्हणून तारखा आधी बघायच्या.

आता तिकिटाचं. २५ डिसेंबरला ब्रिटनमध्ये गाड्या जवळपास धावतच नाहीत, २६ला अगदी मोजक्या, आणि २४ला संध्याकाळी लवकर आटोपतं घेतात. त्यातच नाताळ ते नववर्ष हा रुळांच्या दुरुस्तीचा हंगाम. आपल्याकडे दिवाळीत जादा गाड्या सोडतात, इथे सणाला गाडीच बंद! तेव्हा हॉटेलाआधी गाडी बघा. अ‍ॅडव्हान्स तिकीट स्वस्त, पण फक्त त्याच गाडीला चालतं. १६ ते २५ आणि २६ ते ३० या वयांसाठीच्या रेलकार्डावर भाड्यात एक तृतीयांश सूट मिळते. तिशी ओलांडलीत? मग दोघांचं मिळून ‘टू टुगेदर’ कार्ड काढा. त्यासाठी नवरा-बायकोच असायला हवं असं काही नाही, रूममेटही चालतो.

आणि एक आगाऊ सल्ला. शक्य असेल, तर ही ट्रिप जानेवारीच्या मध्यावर न्या. हॉटेलं स्वस्त, गर्दी ओसरलेली, गायकवृंद हजर. दिवसही थोडा मोठा झालेला असतो. नाताळाच्या दिवशी लंडनमध्येच जे जे एकटे राहिलेत, त्यांना घरी बोलवा आणि मोठा कुकर लावा. ऑफिसात सगळे ‘हॅपी हॉलिडेज’ म्हणून निघून गेल्यावर रिकाम्या फ्लॅटवर परतणारा एखादा तरी आपल्या टीममध्ये असतोच. यॉर्कचं तिकीट काढताना त्यालाही विचारा. टू टुगेदरला दुसरा माणूस लागतोच की!