केजनांचे नाताळचे ताट आणि 'शुद्ध वारशा'ची गोष्ट

१/ मुंबई-पुण्याच्या उपाहारगृहांत 'केजन' हा शब्द भेटतो तो तळलेल्या बटाट्यांवर भुरभुरलेल्या लाल मसाल्याच्या रूपाने. त्या मसाल्याशी माझे फारसे भांडण नाही. भांडण आहे ते इतिहासप्रेमी मंडळीही बिनदिक्कत पुढे पाठवतात त्या गोष्टीशी : कॅनडातून हाकलले गेलेले फ्रेंच शेतकरी आपल्या पूर्वजांच्या पाककृती उराशी धरून लुईझियानात आले आणि अडीचशे वर्षे त्यांनी त्या जशाच्या तशा जपल्या. या गोष्टीतून पुष्कळ माणसे गाळली गेली आहेत. #धागा

२/ प्रथम निर्विवाद भाग. इ.स. १६०४ पासून आजच्या कॅनडाच्या पूर्व किनाऱ्यावर, नोव्हा स्कोशियाच्या परिसरात, फ्रेंच लोक स्थिरावू लागले. त्या प्रदेशाचे नाव अकेडिया. भरतीचे खारे पाणी बांध घालून अडवायचे, ओहोटीला झडपेतून गोडे पाणी बाहेर सोडायचे, आणि खारवट जमीन पिकाखाली आणायची, ही त्यांची शेती. कोकण-गोव्यातील खाजणे पाहिलेल्यांना ही पद्धत परकी वाटणार नाही. गहू, वाटाणे, कोबी, सलगम, गुरे आणि डुकरे यांवर त्यांचा संसार चाले.

३/ १७१३ च्या उट्रेक्टच्या तहाने ही भूमी ब्रिटनकडे गेली. बिनशर्त निष्ठेची शपथ घेण्यास अकेडियनांनी नकार दिला. ५ सप्टेंबर १७५५ रोजी ग्राँ-प्रे येथील चर्चमध्ये पुरुषांना बोलावून जॉन विन्स्लो या लष्करी अधिकाऱ्याने हुकूम वाचून दाखवला : जमीन, घरे, गुरे जप्त, कुटुंबांसह हद्दपारी. १७६३ पर्यंत दहा हजारांहून अधिक माणसे अशी उखडली गेली. रोगराईत आणि जहाजे बुडून हजारो मेली.

४/ १७६४ पासून त्यांतील काही लुईझियानात पोहोचू लागले. पुढच्याच वर्षी 'बोसोलेय' या नावाने प्रसिद्ध असलेल्या जोसेफ ब्रूसारबरोबर सुमारे दोनशे जण आले. प्रदेश तेव्हा स्पेनच्या वाट्याला गेला होता. १७८५ मध्ये स्पेनच्या खर्चाने सात जहाजांतून फ्रान्समधील सुमारे १,६०० निर्वासित आणले गेले. एकंदर आकडा तीन हजारांच्या आसपास. 'अकादियँ'चे 'कादियँ' आणि इंग्रजी जिभेवर 'केजन' झाले. हा अन्याय खरा आहे आणि त्याविषयी कोणतीही सवलत देण्याचे कारण नाही.

५/ आता ताटाकडे वळू. नाताळच्या आदल्या रात्री केजन घरात चुलीवर मोठे पातेले असते ते गंबोचे. तेलात किंवा डुकराच्या चरबीत पीठ मंद आचेवर सतत ढवळत गडद तपकिरी करतात. त्याला 'रू' म्हणतात. त्यात कांदा, सेलरी आणि ढोबळी मिरची, मग पाणी, कोंबडी आणि धुरावलेले सॉसेज. हे भातावर वाढतात. सेंट जेम्स परिसरात त्याच रात्री मिसिसिपीच्या बांधावर लाकडांचे उंच मनोरे पेटवतात आणि मुलांना सांगतात की पापा नोएलला वाट दिसावी म्हणून हा उजेड.

६/ या पातेल्यात अकेडियातून आलेले काय आहे? 'गंबो' हा शब्द मध्य आफ्रिकेतील बांटू भाषांचा. त्याचा अर्थ भेंडी. फ्रेंचमध्ये भेंडीला आजही 'गोंबो' म्हणतात. नाताळात भेंडी नसते, म्हणून रस्सा दाट करण्यासाठी ससाफ्रास झाडाच्या वाळलेल्या पानांची पूड, म्हणजे 'फिले', वापरतात. ती देणगी चॉक्टॉ या मूळनिवासी लोकांची. त्यांच्या स्त्रिया न्यू ऑर्लिन्सच्या बाजारात ही पूड विकत असत. उन्हाळ्यात आफ्रिकेची भेंडी आणि हिवाळ्यात चॉक्टॉंचे पान : अकेडिया या दोहोंतही नाही.

७/ कागदपत्रेही हेच सांगतात. न्यू ऑर्लिन्समधील १७६४ च्या एका न्यायालयीन चौकशीत, गुलामांच्या जबानीत, या पदार्थाचा उल्लेख येतो. अकेडियन तेव्हा नुकते किनाऱ्याला लागत होते. त्यानंतर सुमारे चाळीस वर्षांनी सी. सी. रोबँ हा फ्रेंच प्रवासी अकेडियनांच्या नृत्यसभेत गंबो वाढल्याचे नोंदवतो. कोणी कोणाकडून शिकले, हे या क्रमावरून समजण्यासारखे आहे.

८/ भात तर त्याहून जुना पुरावा. १७१९ मध्ये आफ्रिकेतून लुईझियानात आलेल्या पहिल्या गुलामवाहू जहाजांच्या कप्तानांना आदेश होते की भाताचे बियाणे आणा आणि भातशेती जाणणारी माणसेही आणा. वसाहतीला बैलासारखी राबणारी माणसे हवी होतीच, पण त्यांच्या डोक्यातील विद्याही हवी होती. दमट लुईझियानात गहू पिकेना, तेव्हा अकेडियनांची मुले मक्याकडे आणि या भाताकडे वळली.

९/ हिवाळ्यातील दुसरा विधी 'बूशरी'चा. शीतपेट्या नव्हत्या त्या काळी शेजारची कुटुंबे आळीपाळीने डुक्कर कापत आणि मांस लगेच वाटून घेत. त्यातून येणारा 'बूदाँ' आजही सणाच्या सकाळी खाल्ला जातो. फ्रान्समधील प्रसिद्ध बूदाँ रक्ताचा असतो. केजन बूदाँमध्ये मांस, काळीज आणि भरपूर भात असतो. नाव फ्रेंच राहिले, पण आतल्या भातामागची विद्या पश्चिम आफ्रिकेची आहे.

१०/ अकेडियनांच्या वस्तीला लागूनच १७२१ पासून जर्मन शेतकरी राहत होते, आणि तिथल्या धुरावलेल्या सॉसेजमध्ये त्यांचा हात मानला जातो. लाल मिरची आणि ढोबळी मिरची या अमेरिका खंडातील मूळ लोकांनी घडवलेल्या. नाताळच्या केकमधील काकवी उसाची, आणि १८६५ पर्यंत लुईझियानातील तो ऊस तोडणारे हात गुलामांचे. गाळपाचा हंगाम नाताळाच्या सुमारासच संपे. गोड पदार्थाची वेळसुद्धा मळ्याच्या घड्याळाने ठरलेली आहे.

११/ 'हे सारे मसाले-भाजीपुरते झाले, गाभा तर अकेडियनच,' असे कोणी म्हणेल. त्याची परीक्षा सोपी आहे. हद्दपारीतून निसटलेले आणि पुढे परतलेले अकेडियन आजही नोव्हा स्कोशिया आणि न्यू ब्रन्सविकमध्ये आहेत. पूर्वज तेच, अनेकांची आडनावेही तीच. त्यांच्या नाताळात किसलेल्या बटाट्याचा मोठा उकडलेला गोळा असतो, पोटात डुकराचे मांस भरलेला. शिवाय मांसाचे पाय. गंबो नाही, भात नाही, तिखट नाही. वारसा रक्तातून आला असता तर दोन्ही ताटे सारखी दिसली असती.

१२/ या पुराव्यापुढे दंतकथा उभी केली जाते. अकेडियनांच्या प्रेमाखातर उत्तरेचे शेवंड त्यांच्यामागून पोहत निघाले आणि वाटेत झिजून लुईझियानाच्या चिमुकल्या क्रॉफिशएवढे झाले, अशी ती आहे. कथा गोड आहे. पण तिचे काम पाहा : दलदलीतला जीव, जो तिथले मूळ रहिवासी आधीपासून खात होते, तो या कथेने अकेडियातून 'आणलेला' ठरवला. 'शुद्ध वारशा'ची सगळी मांडणी याच पद्धतीने चालते.

१३/ दुसरी पळवाट अधिक सभ्य आहे : 'संस्कृतींचा सुंदर संगम.' फ्रेंचांनी रू दिला, आफ्रिकनांनी भेंडी दिली, मूळनिवाशांनी फिले दिले, असे वाक्य वाचले की मला त्या 'दिले'ची चीड येते. जहाजाच्या तळाशी बेड्यांत आणलेल्या माणसाने काही 'दिले' नाही. त्याच्याकडून ते घेतले गेले. चॉक्टॉंच्या फार मोठ्या भागाला १८३० नंतर मिसिसिपीच्या पूर्वेकडील भूमीतून हाकलले गेले. अकेडियनांच्या हद्दपारीवर अश्रू ढाळणाऱ्याने ही दुसरी हद्दपारी विसरू नये.

१४/ आणि सगळेच केजन कायम पिडलेले राहिले, हेही खरे नाही. अकेडियन वंशाचा अलेक्झांडर मूटन १८४३ ते १८४६ लुईझियानाचा गव्हर्नर होता. तो उसाचा मळेवाला आणि गुलामांचा मालक होता. १८६१ मध्ये राज्याने संघराज्यातून फुटण्याचा ठराव ज्या परिषदेत केला, तिचा अध्यक्ष तोच. हाकलल्या गेलेल्यांच्या वंशात शंभर वर्षांच्या आत मालकही निपजले. बहुसंख्य केजन मात्र गरीबच राहिले, हेही तितकेच नोंदवले पाहिजे.

१५/ मग अकेडियनांनी आणले काय? माझ्या मते, एकत्र जमून वाटून खाण्याची रीत. बूशरीत कोणाच्या घरी कोणता वाटा जाणार हे ठरलेले असे. मार्डी ग्राच्या दिवशी खेड्यांतील मुखवटेधारी स्वार घरोघर फिरून तांदूळ, कांदे मागतात, जिवंत कोंबडीमागे धावतात आणि संध्याकाळी साऱ्या गावाचा एकच गंबो शिजतो. ही फेरी मध्ययुगीन फ्रान्सच्या मागण्याच्या प्रथेशी जोडली जाते. ईस्टरला रंगवलेली अंडी एकमेकांवर ठोकतात. ज्याचे फुटले तो हरला. हा वारसा मोठा आहे आणि त्याला शुद्धतेच्या दाखल्याची गरज नाही.

१६/ शुद्धतेची भाषा आली कुठून, हे समजण्यासाठी शाळेत जावे लागेल. १९२१ च्या राज्यघटनेने शाळांत इंग्रजी ही एकच भाषा ठेवली. मैदानावर फ्रेंच बोलणाऱ्या मुलाला 'मी शाळेत फ्रेंच बोलणार नाही' असे शेकडो वेळा लिहावे लागे. त्या पिढीने पुढे आपल्या मुलांशी फ्रेंच बोलणेच सोडले. भाषा ओसरली तेव्हा ओळख सांगायला स्वयंपाकघर उरले. नातवंडाला आजीशी बोलता येईना, पण तिचा रू ओळखता येई.

१७/ १९६८ मध्ये राज्याने फ्रेंचच्या जोपासनेसाठी परिषद नेमली, १९७१ मध्ये २२ जिल्ह्यांना 'अकेडियाना' हे अधिकृत नाव दिले. हेतू चांगला होता. पण त्याच जिल्ह्यांत तीच फ्रेंच बोलणारी, तोच गंबो शिजवणारी कृष्णवर्णीय क्रिओल कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या राहत होती. प्रदेशाच्या नावात त्यांना जागा मिळाली नाही. १९७९ मध्ये पॉल प्रुडोम यांनी न्यू ऑर्लिन्समध्ये उपाहारगृह काढले, केजन स्वयंपाक जगभर गाजला, आणि मागोमाग बाजारात मसाल्याच्या डब्या आल्या. 'केजन म्हणजे तिखट' हे समीकरण त्या डब्यांचे; घरचा रस्सा क्वचितच तितका जाळ असतो.

१८/ एक प्रामाणिक आक्षेप उरतो. ज्यांची भूमी गेली, भाषा गेली, त्यांच्या हातचे पातेलेही तुम्ही ओढून घेता का? नाही. अडीचशे वर्षे एखाद्या घराण्याने रोज शिजवलेले अन्न त्या घराण्याचेच असते. केजन आजीचा गंबो तिचाच आहे. माझा आक्षेप 'आमचा' या शब्दाला नाही, 'फक्त आमचा' या दोन शब्दांना आहे. पहिल्याने वारसा टिकतो. दुसऱ्याने शेजारच्या घरातील तीच आजी परकी ठरते.

१९/ आपणही या प्रकरणात निर्लेप नाही. आषाढीच्या उपवासाचे ताट आठवा : साबुदाणा, बटाटा, शेंगदाणे, हिरवी मिरची. ज्या कंदापासून आपल्याकडे साबुदाणा होतो तो आणि बाकीची तिन्ही पिके अमेरिका खंडातून आली. 'बटाटा' हा शब्द पोर्तुगीजांकडून आला. म्हणून आपला उपवास खोटा ठरत नाही. पण 'हे अनादि काळापासून असेच' म्हणणारा मात्र चुकतो, आणि ते म्हणण्याची सवय पुढे माणसांनाही लावली जाते.

२०/ तेव्हा तरुण मित्रहो, कोणत्याही सणाच्या पदार्थाविषयी 'अस्सल' हा शब्द वाचलात की तीन प्रश्न विचारा : हे पीक इथे कोणी आणले? ते पिकवायला कोण राबले? आणि नाव देताना कोणाला वगळले? केजनांच्या नाताळच्या पातेल्याला हे प्रश्न विचारले की अकेडियनांचे दुःख लहान होत नाही. त्यांच्या शेजारी सेनेगाम्बियाची स्त्री, चॉक्टॉ विक्रेती आणि जर्मन शेतकरीही येऊन बसतात. ती माणसे तिथे पहिल्यापासून होती. (समाप्त)