ताटातला हंगाम आणि बांधावरचा रायवळ

मे महिन्यातल्या एका रविवारी पुण्यातील एका नव्या हॉटेलात जेवायला जाण्याचा योग आला. 'शेतातून थेट ताटात' हे त्या हॉटेलचे ब्रीद. दाराशी बैलगाडीचे चाक, भिंतीवर सुपे-टोपल्या, हातकागदावर छापलेली पदार्थांची यादी आणि तिच्या माथ्यावर 'स्थानिक, हंगामी, उन्हाळी' अशी त्रिसूत्री. यादीत ब्रोकोलीचे सूप होते, मटारची उसळ होती आणि 'आजीच्या हातचे' पन्हेही होते. मे महिन्यात मटार कोणत्या शिवारात उभा असतो, असे मी वाढणाऱ्या मुलाला विचारले. तो बिचारा आत जाऊन आला आणि नम्रपणे म्हणाला, "सर, आपल्याकडे बारा महिने मिळतो."

त्या मुलाला हसण्याचे कारण नाही. आपण सगळेच आता बारा महिने मटार खातो. परंतु बारा महिने मिळणाऱ्या वस्तूला हंगामी म्हणणे ही केवळ शब्दांची गफलत नव्हे. 'हंगाम' या शब्दाची किंमत ग्राहक मोजतो आणि ती ज्याच्या शेतात तो हंगाम पिकतो त्याच्यापर्यंत पोहोचत नाही, ही त्यातली खरी गोष्ट. म्हणूनच या नव्या टुमीकडे थोडे गंभीरपणे पाहिले पाहिजे. कारण मूळ कल्पना चांगली आहे, आणि जिथे ती निष्ठेने राबवली गेली तिथे तिने शेतकऱ्याला हात दिला आहे.

या कल्पनेचे आज जे रूप जगभर मिरवते आहे, त्याचा उगम बहुतेक जण अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात बर्कली येथे शोधतात. ॲलिस वॉटर्स या सत्तावीस वर्षांच्या तरुणीने 28 ऑगस्ट 1971 रोजी तिथे 'शे पानिस' नावाचे उपाहारगृह उघडले. विद्यार्थिदशेत, 1965 साली, ती फ्रान्समध्ये राहिली होती. सकाळी बाजारात जे ताजे दिसेल त्यावर दुपारचा स्वयंपाक ठरवायचा, ही तिथली रीत तिच्या मनात भरली होती. तिने ग्राहकाच्या हाती लांबलचक यादी दिलीच नाही. रोज बदलणारा एकच ठरलेला भोजनक्रम ठेवला. पहिल्या दिवशी त्या जेवणाचा दर होता 3 डॉलर 95 सेंट. आज तो सामान्य अमेरिकन माणसाने वाढदिवसालाच परवडवून घ्यावा असा आहे, हेही सांगितले पाहिजे.

पण मला महत्त्वाचे वाटते ते निराळेच. केवळ बाजारातून निवडून आणल्याने भागत नाही, हे या बाईंच्या लवकरच ध्यानात आले. ऐंशीच्या दशकात त्यांनी आपल्या वडिलांनाच शेतांच्या शोधात धाडले. वडिलांनी परिसरातील शेते पालथी घालून सोनोमा परगण्यातील बॉब कॅनर्ड हा शेतकरी निवडला. तो पिकवील ते हॉटेलने घ्यायचे, असे ठरले. गाडी भाजी घेऊन शहरात यायची आणि स्वयंपाकघरातला ओला कचरा घेऊन खतासाठी शेतावर परतायची. म्हणजे शेतात काय लावायचे हे आचाऱ्याने ठरवायचे नाही, आज काय शिजवायचे हे शेताने ठरवायचे. हा करार दशकानुदशके टिकला. ज्याला पेरणीच्या वेळीच ठाऊक असते की आपला माल घेणारा कोणी आहे, तो शेतकरी निराळ्या धीराने पेरतो. हे आपल्या शेतकऱ्याला सांगायला कॅलिफोर्नियाला जायला नको!

त्याच राज्यात फ्रेझ्नोजवळ डेल रे येथे डेव्हिड मास मासुमोतो हे जपानी वंशाचे, तिसऱ्या पिढीचे बागायतदार आहेत. त्यांच्या बागेत 'सन क्रेस्ट' नावाच्या जुन्या जातीची पीचची झाडे होती. पीच हे तिकडचे ऐन उन्हाळ्यातले फळ. सन क्रेस्ट अतिशय रसाळ आणि गोड, पण पिकल्यावर ते पुरते लालबुंद दिसत नाही आणि फार दिवस टिकतही नाही. मोठ्या दुकानांना हवे होते लाल, घट्ट आणि शीतगृहात मुकाट्याने पडून राहणारे फळ. सन क्रेस्टला गिऱ्हाईक उरले नाही. बाग बुलडोझर लावून उपटून टाकायची वेळ आली, तेव्हा मासुमोतो यांनी 1987 साली 'लॉस एंजेलिस टाइम्स'मध्ये त्या फळाचा जणू मृत्युलेखच लिहिला. वाचकांची पत्रे आली, बाग राखा म्हणून. त्यांनी ती राखली, सेंद्रिय पद्धतीने वाढवली, आणि फळाच्या रंगापेक्षा चवीचे दाम मोजणारी गिऱ्हाइके हळूहळू मिळवली. त्यांत शे पानिसही होते. 1995 साली त्यांचे या विषयावरचे पुस्तक प्रसिद्ध झाले. ते फळ वाचले ते पत्रांमुळे खरेच, पण पत्रांवर झाड फार काळ जगत नाही. कोणीतरी दरवर्षी पैसे मोजून फळ घ्यावे लागते.

ही हकिकत वाचताना कोकणातल्या वाचकाला रायवळ आठवल्यावाचून राहणार नाही. कोयीपासून आपसूक उगवलेला हा आंबा. प्रत्येक झाडाचे गोत्र वेगळे, चव वेगळी, नावही त्या त्या वाडीपुरते. कुठला शेपूच्या वासाचा म्हणून 'शेप्या', कुठला साखरेसारखा म्हणून 'साखऱ्या'. दक्षिण कोकणात या लहान आंब्यांना बिटक्या म्हणतात. धागे भरपूर, रस पातळ, कापायला निरुपयोगी, चोखायला मात्र बहार! याचे कोयाडे होते, सासव होते, साठे घालता येतात. परंतु तो झाडावरून पडतो तो पिकूनच, आणि दोन-तीन दिवसांत संपतो. मुंबईच्या बाजाराला असले फळ कशाला हवे?

1990 साली महाराष्ट्र शासनाने रोजगार हमीशी जोडलेली फळबाग योजना आणली आणि कोकणातले कातळ व वरकस जमिनी आंबा-काजूने हिरव्या झाल्या. ही योजना चांगलीच होती. कित्येक घरांत तिने चूल पेटती ठेवली. पण कलमे लागली ती मुख्यतः हापूसची. बाजार हापूसचा, कर्ज हापूसवर, 2018 साली मिळालेले भौगोलिक निर्देशांकाचे मानांकनही हापूसला. हापूसवर माझा राग नाही. मी कोकणी आहे, तो करंटेपणा माझ्या हातून व्हायचा नाही. मात्र हे कलम बांधले जाते ते रायवळाच्या कोयीतून उगवलेल्या रोपावर. ज्या मुळावर हापूस उभा आहे ते मूळ रायवळाचे. आणि बांधावरचे जुने रायवळ फळ्यांसाठी विकले जात आहेत, कारण त्यांच्या फळाला भाव नाही, लाकडाला आहे.

राजापूर तालुक्यातल्या एका वाडीत एक काकू घरगुती खानावळ चालवतात. पाटी नाही, जाहिरात नाही. आदल्या दिवशी फोन करून जायचे. "आयत्या वेळी आलात तर पिठलं-भात मिळेल हो," असे त्या आधीच बजावतात. एप्रिलअखेर गेलो तेव्हा पानात कोवळ्या फणसाची भाजी होती, भिजवलेल्या हरभऱ्याच्या डाळीत कैरी किसून घातलेली होती आणि करवंदाची चटणी होती. महिन्याभराने पुन्हा गेलो तेव्हा यातले एकही पान ओळखीचे नव्हते. रायवळाचे कोयाडे, फणसाच्या आठळ्या घातलेली आमटी, ताज्या रातांब्याचे सरबत. अंगणात रातांब्याची सालपटे वाळत होती. रस काढून त्यात ती पुन्हा पुन्हा बुडवायची, पुन्हा उन्हात घालायची, अशी पुटे चढली म्हणजे आमसूल काळेभोर होते. पाऊस चार दिवस आधी आला तर सगळेच ओम् फस्! आभाळाकडे बघत त्या वाढत होत्या.

मी विचारले, "काकू, उद्या कोणी मे महिन्यात कोवळ्या फणसाची भाजी मागितली तर?"

"तर त्यांना सांगायचं, भाऊ, चैत्रात या."

काकूंचा व्यवहार मी बारकाईने पाहिला. करवंदे-जांभळे त्या रानातून आणणाऱ्या बायकांकडून घेतात. टोपली उतरवतानाच पैसे देतात. शेजारच्या बांधावर तीन मोठे रायवळ आहेत, त्यांचे फळ हंगामापुरते ठरवून घेतात आणि निम्मी रक्कम मोहोर धरला की देतात. ही निम्मी रक्कम म्हणजेच माझ्या मते या साऱ्या चळवळीची कसोटी. शहरातल्या ज्या हॉटेलच्या यादीवर 'स्थानिक' लिहिले असेल, त्याच्या मालकाला एकच प्रश्न विचारावा. माल कोणाकडून घेता, आणि त्याला पैसे कधी देता? माल आज आणि पैसे दोन महिन्यांनी असा व्यवहार असेल, तर भिंतीवर कितीही सुपे टांगली तरी जोखीम सगळी शेतकऱ्याच्याच डोक्यावर राहते.

फसवणुकीची गोष्ट तर आणखी निराळी. अमेरिकेत 'टँपा बे टाइम्स' या दैनिकाच्या खाद्यसमीक्षक लॉरा रायली यांनी 2016 साली आपल्याच परिसरातल्या हॉटेलांचे स्थानिक मालाचे दावे एकेक करून पडताळले. यादीवर ज्या शेतांची नावे होती त्या शेतांना विचारले, माशांचे नमुने जनुकीय तपासणीला पाठवले, आणि बरेच दावे धादांत खोटे निघाले. आपल्याकडे परराज्यातला आंबा देवगडच्या नावाने विकला जातो, हे गिऱ्हाइकालाही आता पाठ झाले आहे. त्यावर उपाय म्हणून देवगड तालुका आंबा उत्पादक सहकारी संस्थेने 2025 सालच्या हंगामापासून फळाफळावर संकेतांकाची चिकटपट्टी लावायला घेतली. उपाय स्तुत्यच. पण आपल्या मातीतल्या फळाला ओळखपत्र घेऊन हिंडावे लागते, हे काही भूषण नव्हे.

इथवर वाचून काही वाचक म्हणतील, यात नवे ते काय? आमच्या आजीच्या स्वयंपाकघरात हेच होते. चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला कैरीची डाळ आणि पन्हे, अक्षय्य तृतीयेला पितरांना आंबा दाखवल्याशिवाय घरात कोणी तोंडाला लावायचा नाही, ही आमची परंपराच. बरोबर आहे. ती प्रथा मला नेहमीच शहाणपणाची वाटत आली आहे, कारण तोवर आंबा झाडावर तयार व्हायला सवड मिळते. पण आजीच्या पुण्याईवर आपण किती दिवस जेवणार? वैशाखातले कोणतेही मंगल कार्यालय घ्या. बाहेर फणस लटकलेले, बाजारात कैऱ्यांचे ढीग, आणि पानात काय? मटार-पनीर, गोठवलेल्या मक्याचे दाणे आणि डब्यातल्या गराचा आमरस. परंपरेचा अभिमान बाळगणारी घरेच हे जेवण ठरवतात. मीही ठरवले आहे, दोनदा. तेव्हा पुण्याच्या त्या हॉटेलवाल्याला नावे ठेवण्याचा अधिकार मला कितपत पोहोचतो, हा प्रश्नच आहे. कोकणातला छोटा बागायतदार एखाद्या महागड्या हॉटेलवर जगायचा नाही. त्याला लग्ना-मुंजीच्या पंगती हव्या आहेत. शेकडो पानांच्या एका पंगतीला लागणारे फळ ते हॉटेल महिन्याभरातही संपवणार नाही.

पुतण्याचे लग्न गेल्या वैशाखात होते. मी आचाऱ्याला म्हटले, मटार काढा, फणसाची भाजी आणि रायवळाचे कोयाडे करा. फणसाला तो चटकन तयार झाला. कोयाड्याचे नाव काढताच त्याने कपाळाला हात लावला. "साहेब, एवढे बिटके सोलणार कोण? आणि रंग कसा येईल, सांगता येत नाही. वरपक्ष काय म्हणेल?" वरपक्ष आम्हीच होतो. घरातल्या बायकांनीही शंका काढल्या, लोक नावे ठेवतील म्हणून. शेवटी सोलायला चार बायका जास्त लावायच्या आणि त्यांची मजुरी मी वेगळी द्यायची, असे ठरले. मग राजापूरला काकूंना फोन केला. बोलणे फाल्गुनातच केले होते, निम्मे पैसेही पाठवले. मे महिन्यात एसटीने करंड्या आल्या. एका करंडीतले आंबे वाटेत फुटले, ते आम्ही घरी चोखून संपवले. कोयाडे फिकट पिवळे झाले होते, पण दुसऱ्या वाढीलाच संपले. दोन-तीन पाहुण्यांनी ते केळवणातल्या शिकरणासारखे समजून पोळीशी खाल्ले, त्याला इलाज नाही.

यंदा त्याच आचाऱ्याने आपण होऊन फोन केला. आणखी दोन घरची कार्ये आहेत, बिटक्या मिळतील का, म्हणून विचारत होता. मी काकूंना विचारले. त्या म्हणाल्या, शेजाऱ्यांनी तिघांपैकी एक झाड दिवाळीनंतर लाकूडवाल्याला दिले. उरलेल्या दोघांना यंदा मोहोर चांगला आहे, पण दुसरे गिऱ्हाईक येऊन गेले आहे. पैसे आठ दिवसांत पाठवत असाल तर मी शब्द टाकते.

आचाऱ्याला तसे कळवले आहे.