हातातला खेळ आणि हातातला पैसा



२०२५ च्या गणेशोत्सवात महाप्रसादाच्या पंगतीत समाजातल्या एका तरुण इंजिनिअरने मला विचारले, "काका, बाबांच्या ग्रॅच्युइटीतले पाच लाख निंटेंडोमध्ये घालू का? नाहीतर आपली नझारा आहेच, सध्या स्वस्तात मिळतेय." बाबा शेजारीच बसले होते. ते काही बोलले नाहीत, पण पानातली जिलबी तशीच राहिली. पंगतीत दोन वाक्यांत उत्तर देण्यासारखा हा प्रश्न नव्हता. शिवाय इतर घरांतही हा विषय निघत असेलच, म्हणून इथे सविस्तर लिहितो.

आधी निंटेंडो. ही कंपनी १८८९ साली जपानच्या क्योटो शहरात पत्ते बनवण्यासाठी सुरू झाली. हातात धरून खेळायचे 'गेम अँड वॉच' हे यंत्र तिने १९८० मध्ये काढले आणि १९८९ मध्ये 'गेम बॉय'. नव्वदच्या दशकात आपल्या मुलांच्या हातात जो विटा रचण्याचा 'ब्रिक गेम' असे, तो गेम बॉयवर गाजलेल्या टेट्रिसची स्वस्त नक्कल होता. ५ जून २०२५ ला कंपनीचे 'स्विच २' बाजारात आले आणि जूनअखेर त्याची ५८ लाखांवर विक्री झाली. ऑगस्टमध्ये शेअरने विक्रमी भाव गाठला. मुलांचा उत्साह इथून आला आहे.

बँकेत कर्जप्रस्ताव आला की आम्ही एका चांगल्या वर्षावर विसंबत नसू. मागचे ताळेबंद शेजारी-शेजारी मांडून पाहत असू. इथेही तेच करू. २००४ च्या 'डीएस' या यंत्राची एकूण विक्री १५ कोटी ४० लाख. त्यानंतरचे '३डीएस' २०११ मध्ये आले आणि सहा महिन्यांच्या आतच जपानमध्ये त्याची किंमत २५ हजार येनवरून १५ हजारांवर आणावी लागली. अध्यक्ष सातोरू इवाता यांनी तेव्हा स्वतःचा पगार निम्मा केला. मार्च २०१२ ला संपलेले वर्ष तोट्यात गेले. ३डीएसची एकूण विक्री डीएसच्या जेमतेम निम्मी झाली. २०१२ चे 'वी यू' तर १ कोटी ३६ लाखांवरच थांबले. मग २०१७ मध्ये 'स्विच' आले आणि विक्री पुन्हा १५ कोटींच्या वर गेली.

कंपनी तीच, नाव तेच, पण दर सहा-सात वर्षांनी परीक्षा नव्याने द्यायची. एका यंत्राचे यश पुढच्या यंत्राला वारसा म्हणून मिळत नाही. या पडझडीतून निंटेंडो तरली, कारण डोक्यावर कर्ज नव्हते आणि गाठीला भरपूर रोकड होती. दुसरे कारण म्हणजे कमाई केवळ यंत्रावर नाही. स्विचच्या एका यंत्रामागे सरासरी नऊ खेळ विकले गेले आहेत, आणि खरा नफा तिथे आहे.

तरीही भाव किती हवेत जाऊ शकतो, हे जुलै २०१६ मध्ये दिसले. 'पोकेमॉन गो'ने जगाला वेड लावले आणि दोन आठवड्यांत निंटेंडोचा शेअर दुपटीहून वर गेला. वास्तविक तो खेळ नायँटिक या दुसऱ्या कंपनीने बनवला होता. निंटेंडोचा त्यातला वाटा अप्रत्यक्ष होता. याचा नफ्यावर फारसा परिणाम होणार नाही, असे कंपनीनेच जाहीर केल्यावर २५ जुलैला शेअर एका दिवसात सुमारे १८ टक्के पडला. लोकांनी खेळ पाहिला होता, मालकी कोणाची ते पाहिले नव्हते.

आता आपली नझारा. मुंबईची ही कंपनी यंत्रे बनवत नाही. मोबाइलवरचे खेळ, क्रिकेटचे गेम, मुलांसाठीची अ‍ॅप्स हा तिचा व्यवसाय. मार्च २०२१ मध्ये तिचा आयपीओ ११०१ रुपयांना आला. मागणी सुमारे १७५ पट होती आणि एनएसईवर शेअर १९९० ला उघडला. मात्र तो इश्यू पूर्णपणे जुन्या भागधारकांच्या विक्रीचा होता. कंपनीच्या तिजोरीत त्यातला रुपयाही गेला नाही. पहिल्याच दिवशी चढ्या भावाने घेणाऱ्यांना २०२२-२३ मधला बराच काळ, बोनस हिशेबात धरूनही, आपला भाव पाहायला मिळाला नाही.

२०२४ मध्ये नझाराने पोकरबाजी चालवणाऱ्या कंपनीतला सुमारे ४७ टक्के हिस्सा ८३० कोटींच्या आसपास रकमेला विकत घेतला. २०२५ मध्ये पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा लोकसभेने २० ऑगस्टला आणि राज्यसभेने २१ ला मंजूर केला. २२ ला राष्ट्रपतींची सही झाली. पोकरबाजीचे पैशांचे खेळ बंद झाले आणि नझाराचा शेअर कोसळला. तीन दिवसांत धंद्याचा पायाच निघून गेला, तर त्यातल्या गुंतवणुकीची किंमत काय धरायची? "स्वस्तात मिळतेय" म्हणताना हा प्रश्न आधी सोडवायला हवा. कायद्यावर माझी तक्रार नाही. त्या खेळांत घरे बुडाल्याच्या बातम्या आपण सगळ्यांनी वाचल्या आहेत.

परदेशी शेअर घेण्याचा मार्ग खुला आहे. रिझर्व्ह बँकेच्या योजनेखाली एका आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरपर्यंत रक्कम बाहेर पाठवता येते. अशा गुंतवणुकीत दहा लाखांच्या वरच्या रकमेवर २० टक्के टीसीएस कापला जातो. तो नंतर करात वळता होतो, पण तोवर पैसा अडकतो. रुपया-येनचा चढउतार सोसावा लागतो. आणि विवरणपत्रात परदेशी मालमत्तेचा तक्ता भरावा लागतो, तो बरेच जण विसरतात.

तर माझे उत्तर असे. बाबांच्या ग्रॅच्युइटीतले पाच लाख यापैकी कुठेच नको. तो पैसा औषधपाण्याचा आणि आई-बाबांच्या रात्रीच्या झोपेचा आहे. ज्येष्ठ नागरिक बचत योजना, वेगवेगळ्या मुदतींच्या ठेवी, ही त्याची जागा. तुला कंपनी मनापासून आवडत असेल, तर स्वतःच्या पगारातून थोडे थोडे घे, तेही पुढचे यंत्र फसले तरी सहा-सात वर्षे थांबायची तयारी असेल तरच. घेण्याआधी तीन गोष्टी कागदावर लिही: कमाई नेमकी कशातून होते, कर्ज किती आहे, आणि हे एका कायद्याने बंद पडू शकते का? तिन्हींची उत्तरे लिहिता आली, तर कागद घेऊन घरी ये. चहा घेता घेता पाहू. बाबांनाही आण.