जन्म हा अपघात नव्हे, ऋण आहे

लोणारच्या काठावर उभे राहिले की बुद्धिवाद्यांना एक दृष्टान्त आयताच सापडतो. अंतराळातून एक पाषाण आला, बेसॉल्टच्या पठारावर आदळला आणि सुमारे पावणेदोन किलोमीटर व्यासाचे विवर निर्माण झाले. त्यामागे कुणाचाही हेतू नव्हता. मनुष्यजन्मही असाच एक योगायोग. त्याला अंगभूत प्रयोजन कसले?

युक्तिवाद आकर्षक आहे, पण त्यात कारण आणि प्रयोजन यांची गल्लत आहे. विवर कसे झाले, हे विज्ञान सांगते आणि ते आपण आदराने स्वीकारलेच पाहिजे. परंतु 'कसे' याचे उत्तर मिळाले म्हणून 'कशासाठी' हा प्रश्न निकालात निघत नाही. निघत असता, तर त्याच विवराच्या परिसरात आपल्या पूर्वजांनी दैत्यसूदनाचे मंदिर उभारलेच नसते.

यावर फ्रेंच विचारवंत सार्त्र याचे 1945 च्या व्याख्यानातील प्रतिपादन पुढे केले जाते : मनुष्य आधी अस्तित्वात येतो, आपला अर्थ तो नंतर स्वतःच घडवितो. ठीक आहे. पण जो अर्थ केवळ मीच घडविला, तो माझ्या पराभवाबरोबर कोसळला तर सावरायचे कोणी?

हा प्रश्न बुलढाणा जिल्ह्यात केवळ पुस्तकी नाही. 2006 साली पंतप्रधानांनी विदर्भातील ज्या सहा आत्महत्याग्रस्त जिल्ह्यांसाठी 3,750 कोटींचे पॅकेज जाहीर केले, त्यांत बुलढाणा होता. शेतकरी तत्त्वज्ञान वाचून खचत नाही; कर्ज, बाजारभाव आणि पाऊस त्याला खचवितात. मात्र माणसाची किंमत त्याच्या मिळकतीवर ठरविणारा समाज त्याच्या मनात एक विष कालवतो : पीक गेले, आता तुझे जगणेही व्यर्थ.

आपल्या परंपरेचे उत्तर निराळे आहे. महाभारताच्या आदिपर्वात पांडू सांगतो की, मनुष्य चार ऋणे घेऊनच जन्माला येतो : देवांचे, ऋषींचे, पितरांचे आणि मनुष्यांचे. प्रयोजन जन्माबरोबरच येते, ते हेच. सावकाराचे कर्ज माणसाला एकटे पाडते. हे ऋण त्याला सर्वांशी बांधते. सातबाऱ्यावर बोजा चढला म्हणून ते नाते तुटत नाही.

परंतु येथे आपल्यातील काहींनाही खडसावले पाहिजे. शेतकऱ्याच्या विधवेला 'प्रारब्ध' म्हणून समजावणारा प्रवचनकार त्या नास्तिकाइतकाच निष्ठुर आहे. मनुष्यऋण फिटते ते करुणेने, असे तेच आदिपर्व सांगते. ज्याचे अन्न आपण खातो, त्याचे आपण ऋणकरी आहोत. मग हिशेब आधी कोणी चुकता करायचा?

शेगावात याचे उत्तर रोज मिळते. तेथे हजारो सेवाधारी पाळीपाळीने, विनावेतन राबतात. 4 ऑगस्ट 2021 रोजी दिवंगत झालेल्या शिवशंकरभाऊ पाटील यांनी त्या संस्थानाच्या सेवेत आयुष्य वेचले. 'जीवनाला हेतू आहे का?' हा वाद त्यांनी व्यासपीठावर नव्हे, आचरणाने मिटविला.

वाचकहो, यंदा मृगाच्या पेरणीपूर्वी अशा एखाद्या घरी जाऊन या. उपदेश घेऊन नव्हे; बियाणे, मुलांची फी आणि वेळ घेऊन. जीवनाला प्रयोजन आहे, हे त्या घराला पटवून देण्याची दुसरी रीत नाही.